घाटे वाळेपर्यंत

परसातल्या वाफ्यात हरभऱ्याचं एकच झाड हिरवं होतं. बाकीच्या तीन ओळी मर रोगानं उभ्याच वाळल्या होत्या. त्या एका झाडापाशी नणंद उकिडवी बसली आणि हातातली पिशवी तिनं खाली ठेवली. पिशवी जाड प्लॅस्टिकची होती, वर संशोधन केंद्राचा शिक्का होता.

वहिनी दारातून म्हणाली, "माहेरी आलात की कामावर, वन्सं?"

"कामावर."

तिचं काम सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. केंद्रानं मर न लागणारा हरभरा प्रयोगशाळेत घडवला होता. पाच हंगाम तो कुंपणाआड पिकला, मग पैसे घालणाऱ्या कंपनीनं हात आखडता घेतला. चाचणी बंद झाली, दाणा न् दाणा जाळला. तरी चुकून कुठं एखादा उगवलाच तर तो शोधायला दोन वर्षं आसपास फिरायचं, अशी परवान्याची अट होती. झाड दिसलं की उपटायचं, पिशवीत सील करायचं, घरच्यांची सही घ्यायची. बायका तिला माघारी उपटणीबाई म्हणत. वहिनी तोंडावर म्हणायची.

नणंदेनं पानाचा तुकडा कुपीतल्या पाण्यात चुरडला आणि कागदाची पट्टी बुडवली. थोड्या वेळानं पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे झाड केंद्राचंच.

"दोन रेघा म्हणजे गोड बातमीच की," वहिनी म्हणाली. नणंदेला हसू आलं नाही.

मग वहिनी म्हणाली, पाखरानं टाकला असेल दाणा. एवढा दाणा घेऊन पाखरू चार शेतं ओलांडत नाही, हे दोघींना कळत होतं. वहिनीचा थोरला केंद्रातच रोजावर होता. तो कामाला घालून जातो त्या पँटला खिसे किती, हे नणंदेनं विचारलं नाही.

वहिनीनं घाटे मोजून ठेवले होते. बेचाळीस. ती आठच दिवस मागत होती. घाटे वाळू द्या, बी मी काढून घेते, मग झाड खुशाल न्या, असं ती दोनदा बोलली. सलग तिसऱ्या वर्षी मागच्या शेतात मूठभरसुद्धा हरभरा झाला नव्हता.

नणंदेनं नाही म्हणून मान हलवली. एक घाटा जरी इथं वाळलेला सापडला, तर परवाना जाईल आणि केंद्राला कुलूप लागेल. चाळीस माणसं घरी बसतील.

"त्यात तुझा थोरला आहे, वहिनी."

वहिनी वाफ्याच्या कडेला टेकली. तिनं विचारलं, "पीक वाईट होतं का?"

"नाही."

"कुणाला बाधलं?"

"नाही."

"मग बंद का केलं?"

नणंदेनं दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. झाड एका हिसक्यात आलं नाही. मुळं खोल गेली होती. उपटल्यावर तिनं नियमाप्रमाणे चाकूनं बुंधा उभा चिरला. मर लागलेल्या झाडाला आत काळी रेघ असते. हे आतून पांढरं होतं. वहिनीनं वाकून पाहिलं.

पिशवीचं तोंड एकटीला धरवेना, तेव्हा वहिनीनं दुसरी बाजू धरली. झाड आत सरकवताना एक घाटा तुटून मातीत पडला. दोघींनी पाहिला. नणंद उगाचच सीलची तार शोधत राहिली, कोटाच्या खिशात, पदरात, पुन्हा खिशात.

वहिनीनं घाटा उचलला. मूठ मिटली. मग ती मूठ पिशवीत घालून उघडली.

सही झाली. वहिनीनं हात झटकले.

"पुढच्या साली पेरू काय, ते तरी सांगा."

नणंदेनं दुकानातल्या बियाण्याचं नाव सांगितलं. कंपनी तीच होती, चाचणीतून हात आखडता घेतलेली. बियाण्याबरोबर मुळाशी ओतायचं औषधही ती विकत होती.

वहिनी वाळलेल्या ओळींकडे बघत म्हणाली, "हे तेच आहे. ते मरतं."

"मरतं," नणंद म्हणाली. "म्हणून तर दरवर्षी मिळतं."