मागची ट्रॉली

वर्षाराणी पुन्हा आपटली. चाकांची फळी एकीकडं, पोरगी एकीकडं. जोतीरामनं मोबाईल तसाच धरून ठेवला, कारण पडले तरी शूटिंग थांबवायचं नाही असा लेकीचा हुकूम होता.

गडमुडशिंगीच्या माळावर कुणीतरी प्लॉट पाडून गुळगुळीत डांबरी रस्ता करून ठेवला होता. प्लॉट काही खपले नाहीत, म्हणून तो उतार या बापलेकीला मोकळा मिळाला. आता कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र! सुट्टीत मालवणला मावशीकडं गेलेली पोरगी लाटेवर उभी राहायला शिकून आली आणि तिथंच सगळा घोळ झाला. जमेल तेव्हा खरी लाट, एरवी हा उतार. वरनं सुटायचं, खालच्या दगडापाशी अंगाला पीळ देऊन गर्रकन वळायचं आणि पुन्हा चढाला तोंड करायचं. लाटेवर पण असंच वळतात म्हणे. सरळ जाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोडं पेंड खायचं ते वळताना.

परवा रविवारी मालवणला राज्याच्या सर्फिंग संघाची निवड होती. गेल्या वर्षी याच वळणानं तिला घरी पाठवलं होतं. पुढच्या वर्षी तिचं वय लहान गटात बसणार नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते परवाच.

जोतीरामनं व्हिडिओ पाठवला. तिकडून, मालवणहून, तिला लाटेवर शिकवणाऱ्या उन्मेष सरांचा आवाज आला, "वर्षा, परत मागे बघितलंस. लाट मागून येणारच आहे, तिला काय बघायचं? जायचं आहे तिकडे बघ. डोळे गेले की खांदा जातो, खांद्यामागून कंबर, आणि मग फळी येतेच."

दोघांनी तोच व्हिडिओ हळू करून बघितला. दगड आला रे आला की हनुवटी खांद्यावर आणि डोळे थेट मागं.

"का बघतीस गं मागं?"

"मी कुठं बघतोय आप्पा? मान आपसूक जाती."

ती मान जोतीरामच्या चांगल्या ओळखीची होती. उसाच्या ट्रॅक्टरवर त्याची उमर गेली. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस. वळणावर पुढं बघून चालत नाही. मागची ट्रॉली आत ओढती, चरीत उतरली की ऊस, ट्रॅक्टर, माणूस सगळं आडवं. वर्षाराणी लहान असताना मडगार्डवर बसायची. वळण आलं की मान फिरवून मागं बघायची आणि ट्रॉली वळणातनं सुखरूप बाहेर आली की ओरडायची, "निघाली!" मगच तो पुढं रेटायचा. एवढ्याशा पोरीचं रस्त्यावरचे लोक कौतुक करायचे आणि बापाची छाती फुगायची.

आता ती मान काढायची कशी? फळीला मागं काही जोडलेलं नाही, मोकळीच आहे बघ, असं त्यानं सांगून बघितलं. तिला ते ठाऊक होतं. मानेला ठाऊक नव्हतं. समोर लेक धडपडतेय आणि आपल्याच्यानं काही होत नाही, या विचारानं त्याच्या जिवाची नुसती तगमग चालली होती.

शेवटी तो उठला. वळल्यावर तिचं तोंड जिकडं व्हायला पाहिजे, बरोबर तिथं चढावर जाऊन उभा राहिला.

"माझ्याकडं बघ. मागं वाघ लागला तरी माझ्याकडंच बघायचं."

ती सुटली. दगड आला. तिची नजर बापाच्या तोंडावरनं हलली नाही. खांदा फिरला, कंबर फिरली, चाकं करकरली आणि पोरगी वळून सरळ त्याच्या पुढ्यात येऊन थांबली. दोघंही खुळ्यासारखी हसली. पुन्हा केलं, पुन्हा जमलं.

व्हिडिओ बघून सरही खूश झाले. हेच पाहिजे होतं म्हणाले. आता वडिलांना बाजूला व्हायला सांग आणि एकटी करून दाखव.

जोतीराम बाजूला झाला. वर्षाराणी सुटली, दगड आला, मान मागं गेली. या खेपेला कोपर चांगलंच सोललं. पुढच्या खेपेला गुडघा. ती रडली असती तर समजूत तरी घालता आली असती. तिनं फळी उचलली आणि वर चढता चढता एवढंच म्हणाली, "आप्पा, तुमी मगाच्या जागंलाच हुबा ऱ्हावा."

जोतीराम विहिरीत पट्टीचा पोहणारा. पण मालवणला एकदा गेलेला, तेव्हा पाणी गुडघ्याला लागताच माघारी फिरला होता. विहिरीला कुठंही बघा, काठ दिसतो. समुद्राला काठ एकच, आणि तोही पाठीमागं.

त्यानं मोबाईल तोंडापाशी धरला. "सर, जोतीराम बोलतोय. एवढं एक सांगा. परवा तितं पाण्यात म्या कुठं हुबा ऱ्हाऊ?"

मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. सर काहीतरी लिहीत होते. मग थांबले. पुन्हा लिहायला लागले, पुन्हा थांबले.

वर वर्षाराणीनं फळीवर पाय ठेवला होता. "आप्पा, चला की."

जोतीरामनं मोबाईल खिशात टाकला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. तिला लांबनं दिसावं म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले.