गोविंदाची साथ

कासवाच्या तोंडाशी आलेला फेस बघून डॉक्टरांनी विचारलं, "काका, टाक्यात दूध घालता?"

"दूध नव्हे हो, तीर्थ. रोजच्या अभिषेकाचं पंचामृत. पायदळी येऊ नये, म्हणून गोविंदाच्या टाक्यात सोडतो."

"मी ओरडत होते, पाण्याला वास मारतोय," काकू म्हणाल्या. "तर म्हणे, तीर्थाला नावं ठेवतेस?"

मूलबाळ नसलेल्या त्या घरात गोविंदाच लेकरू. हल्ली काका अभंग म्हणू लागले की तो मान उंच करी, तोंड उघडून बारीक शीळ घाली. "कीर्तनात साथ धरतो बघा," काका येईल त्याला कौतुकानं सांगत.

"साथ नव्हती ती," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "घाण पाण्यानं फुफ्फुसं गेलीत. श्वासासाठी धडपडत होता. आता उशीर झालाय."

घरी येऊन काकांनी टाकं घासलं, स्वच्छ पाणी भरलं. गोविंदा त्यात एका कुशीवर कलून तरंगला. काकांची चाहूल लागताच त्यानं मान उंच केली.

"म्हणा की हो काहीतरी," काकू रडत म्हणाल्या. "वाट बघतोय."

काकांनी तोंड उघडलं. टाक्यातून बारीक शीळ तेवढी येत राहिली.