बिनगाठीची शिलाई

बोट उघडत नव्हतं. बोंगइमचा उजवा हात उशीवर उताणा ठेवलेला होता आणि करंगळीशेजारचं बोट तळव्यात असं रुतून बसलं होतं, की डॉक्टर ग्वाकनी दोनदा ओढूनही ते हललं नाही. नर्सनं त्या बोटाखालून स्पिरिटचा बोळा फिरवून तळवा स्वच्छ पुसून घेतला.

"कधीपासून आहे हे, मावशी?"

"पंचेचाळीस दिवस," उत्तर नणंदेनं दिलं. माल्सुन चौऱ्याहत्तर वर्षांची. भावजयीला दवाखान्यात आणलं होतं तिनंच, जवळजवळ दंडाला धरून. "माझा भाऊ गेला, तिसऱ्या दिवशी त्याला मातीत ठेवून आलो ना, त्या संध्याकाळपासून."

डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी अंगठा दाबला. आत हरभऱ्याएवढं काहीतरी सरकलं. शिवणकाम करणाऱ्यांना होतंच असं, ते म्हणाले. "काय शिवता?"

"मयताचे कपडे. बेचाळीस वर्षं झाली."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. आन्दोंगच्या बाजारात तागाच्या कापडाची दुकानं आहेत, तशा हे कपडे शिवणाऱ्या बायकाही आहेत. त्यांची शिस्त एकच. दोऱ्याला गाठ मारायची नाही. दोरा संपला की टोक तसंच मोकळं सोडायचं. गाठ राहिली तर गेलेला माणूस अडकून पडतो. बेचाळीस वर्षांत बोंगइमच्या शिलाईत कुणी गाठ दाखवावी!

वाळवलेल्या रानदवण्याची इवलीशी गोळी डॉक्टरांनी शेकासाठी तळव्यावर ठेवली आणि पेटवली. धूर सरळ वर गेला.

"जास्त कधी दुखतं?"

"पहाटे चारला. कुणीतरी बोट धरून ओढतं तसं."

"माझा भाऊ सोकगी चारलाच उठायचा," माल्सुन म्हणाली.

डॉक्टरांनी बारीक पात्याची सुई हातात घेतली. "आता मोकळं करतो."

बोंगइमनं हात झटकन छातीशी घेतला. जळती गोळी चादरीवर पडली, नर्सनं ती घाईघाईनं उचलली.

"आज नको. परवा करा."

"परवा?" माल्सुन उभीच राहिली. "उद्या त्याचा एकोणपन्नासावा दिवस. उद्या तो परलोकाच्या वाटेला लागायचा. आणि तू परवा म्हणतेस? बोंगइम, इकडे बघ. काय करून बसलीस तू?"

मयताच्या हातांवर चढवायला दोन कापडी पिशव्या असतात. बोंगइम खाली बघत म्हणाली, "त्यांच्या उजव्या हाताची पिशवी तेवढी राहिली होती. शिवून झाली. दोरा संपला. मी गाठ मारली."

"चुकून?"

"चुकून कशी मारेन, वन्सं?"

"अगं, साऱ्या गावाची माणसं बिनबोभाट पोचवलीस आणि माझ्या भावाला दावणीला बांधलंस?"

"ते घरातच आहेत." बोंगइमच्या आवाजात शरम नव्हती. उलट आनंद होता, आणि तोच ऐकणाऱ्याला सोसवेना. "रात्री मी त्यांचे बूट भिंतीशी लावून ठेवते. सकाळी ते हललेले असतात. तुम्हाला खोटं वाटेल."

"नाही वाटत," माल्सुन हळूच म्हणाली. "बुटांची तोंडं कुठे असतात?"

बोंगइमनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"आत येणारा माणूस बूट कसे काढतो ते मला ठाऊक आहे. तोंडं कुठे असतात ते सांग."

"दाराकडे."

"रोज?"

"रोज. आज एक बूट उंबऱ्यावर चढला होता."

माल्सुन मटकन स्टुलावर बसली आणि दवाखान्यात आहोत हे विसरून रडायला लागली. "निघतोय गं तो. पंचेचाळीस दिवस रोज पहाटे उठून निघतोय माझा सोकगी."

इतके दिवस त्या बुटांकडे बघूनच बोंगइमची सकाळ होत होती. चहासुद्धा ती त्यांच्याजवळ बसून प्यायची. आता पहिल्यांदाच ती घाबरली, आणि स्वतःलाच घाबरली. तिनं हात पुन्हा उशीवर ठेवला.

"करा मोकळं."

सुई आत गेली. डॉक्टरांनी मनगट जरासं वळवलं. टक्‌ असा आवाज झाला आणि बोट उघडलं.

नर्स पट्टी घेऊन वाकली आणि तशीच थांबली. तळव्यावर वीतभर तागाचा दोरा होता. पिवळसर, किंचित ओला, मातीचा वास येणारा. सगळा सरळ, फक्त टोकाजवळ एक वळ, बरेच दिवस गाठ बसून सुटल्यावर दोऱ्याला पडतो तसा.

"मी पुसला होता हात," नर्स म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "बोट मिटून बघा, मावशी. अडकतंय?"

बोंगइमनं मिटलं. उघडलं.

"नाही."

"झालं तर मग," म्हणून ते कागदावर लिहायला लागले. माल्सुननं डोळे पुसले, दोरा रुमालात घेतला, भावजयीचा कोट खुंटीवरून काढला. "चल, उद्याची तयारी पडली आहे सगळी."

बोंगइम उठली नाही. ती बोट मिटत होती आणि उघडत होती. जिथे ते इतके दिवस अडकलं होतं तिथे आली की जरा थांबायची, वाट बघायची, मग पुन्हा उघडायची. बोट कुठेच अडकत नव्हतं.