सातव्या खांबाची जागा

अरुंधतीने फरशीवर खडूने सातवी फुली मारली, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, ह्यो खांब हितं नको."

तिने वळून पाहिलं. गेटवरचा वॉचमन दत्तोबा होता, साठीला टेकलेला. चाकणच्या या कारखान्यासाठी चाळीस टन माल पेलेल असा लोखंडी माळा तिने डिझाइन केला होता. माळ्याखाली पॅकिंगच्या वीस बायका बसणार होत्या. बारा खांबांचं गणित तिने दोनदा तपासलं होतं. लोखंड उद्या यायचं होतं.

"का नको?"

"खाली विहीर हाय. बुजवलेली."

मॅनेजर निरंजन हसला. "दत्तोबा, गेटवर जा. कुठल्याच नकाशात विहीर नाही. मॅडम, तुम्ही पुढची खूण करा."

अरुंधती पुढे सरकली, पण आठवी फुली काही तिच्या हातून होईना. माळ्याचं वजन तिने खांबांवर आणलं होतं, खांबांचं फरशीवर. फरशीखाली काय आहे, ते मात्र नकाशावर विसंबून सोडून दिलं होतं. तिने हातोडी मागवली. सहा खुणांवर ठोकलं, भरीव आवाज आला. सातवीवर ठोकलं, तर रिकाम्या पिंपावर ठोकावं तसा घुमला.

"इथे भोक पाडायचं," ती म्हणाली.

"अहो, उशीर झाला तर वर काय सांगू?"

"माझं नाव सांगा. भोक पाडून पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

दुपारी मशीनने फरशीला भोक पाडलं. आत बारा फुटी सळई सोडली. निम्मी गेली तरी ती कुठे टेकेना. विहिरीतली भर केव्हाच खाली बसली होती आणि वर नुसती वीतभर जाडीची फरशी उरली होती. तिच्यावर सहा टनांचा भार घेऊन खांब उभा राहणार होता.

अरुंधती तिथेच एका खोक्यावर बसली. सुटल्यासारखं हसू येत होतं. सातव्याऐवजी विहिरीच्या दोन्ही बाजूंना खांब द्यायचे, मधली तुळई जाड घ्यायची. आठवडा जाईल. गेला तर गेला!

निरंजन स्वतः चहा घेऊन आला. पहिला कप त्याने दत्तोबाच्या हातात दिला.

"इतकी वर्षं इथे आहात दत्तोबा, आधी का नाही बोललात?"

"बोललो व्हतो की," दत्तोबा म्हणाला. "जमीन आमचीच व्हती. शेड बांधताना सांगाया आलो, तर तवाच्या साहेबांनी हाकलून दिलं. म्हनून तर ही नोकरी धरली. म्हटलं, कवातरी कुनीतरी हितं वजन ठेवाया येईल, तवा सांगाया आपन असावं."