कापडी पिशवीचं वाण

"आमच्याकडे यंदा प्लास्टिक बंद हं!" असं बजावत हेमांगीनं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण म्हणून कापडी पिशव्या दिल्या. कुंकवाच्या हातांचे डाग पडू नयेत म्हणून प्रत्येक पिशवी तिनंच प्लास्टिकच्या पाकिटात घातली होती.

सोसायटीचा कचरा उचलणाऱ्या अनसाबाईंनाही तिनं मुद्दाम बोलावलं होतं. बायकांनी फाडून टाकलेली पाकिटं त्या गोळा करायला लागल्या.

"अहो, राहू द्या! आज तुम्ही पाहुण्या," हेमांगी म्हणाली.

"उचलते की ताई. आत्ता कोरडी हायेत. उद्या तुमच्या खरकट्यातनं मलाच वेचायचीत."

पाकिटांची घडी कमरेला खोचून अनसाबाईंनी रिवाजाप्रमाणे हेमांगीला लावायला बोटावर कुंकू घेतलं. हेमांगीची मान वर होईना.