सरकत्या जिन्याच्या पायऱ्या

"किती पायऱ्या आहेत?" सारोम आजीने विचारले.

सरकत्या जिन्यापाशी उभा असलेला पहारेकरी हसला. "आजी, त्या मोजता येत नाहीत. वर जातात आणि आतून फिरून परत येतात."

"मग मी नाही चढत. विषम पायऱ्या माणसांच्या, सम पायऱ्या भुतांच्या. माझ्या घराला सात आहेत. या मेल्या जिन्याला आपल्याच पायऱ्या ठाऊक नाहीत!"

मागे उभ्या असलेल्या बावीस बायका फिस्सकन हसल्या. जलोत्सवाच्या शर्यतीसाठी गावाची होडी घेऊन त्या कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला आल्या होत्या. सकाळची फेरी जिंकली होती, दुपारच्या फेरीला दीड तास होता. तेवढ्यात शहर बघून घ्यायचे, म्हणून सगळ्या या झगमगत्या बाजारात शिरल्या होत्या. सारोम आजी त्यांना होडीच्या टोकावर उभी राहून, वल्हे नाचवत ताल देते. भर नदीत होडी कलंडायला आली तरी तिचा पाय हलत नाही. आता मात्र तिची पाचावर धारण बसली होती, आणि भुतांचे निव्वळ निमित्त होते.

वर, जिना संपतो तिथेच, तिची लेक कन्निका आइस्क्रीमच्या दुकानात एकटी राबत होती. तिच्यापुढे ही मोठी रांग. दोन वर्षे तिला सणाची सुट्टी मिळाली नव्हती. तिने कठड्यावरून एकदा खाली वाकून "आई, ये ना गं वर!" अशी हाक मारली आणि पुन्हा रांगेकडे पळाली.

आजीच्या कमरेला नव्या भाताच्या पोह्यांचे पुडके होते. या पुनवेला लेकराच्या तोंडात पोहे भरवायचे असतात, आणि दोन वर्षे ते राहून गेले होते.

"द्या इकडे, मी नेऊन देते," चान्थो म्हणाली. ती वल्हेकरणींत सगळ्यांत फटकळ.

"आणि भरवणार कोण? तू काय तिची आई आहेस?"

"मग लिफ्टने जा."

लिफ्टची रांग पार दारापर्यंत गेली होती. साध्या जिन्यावर खोक्यांची चळत रचलेली. आजी पुन्हा सरकत्या जिन्याच्या तोंडाशी आली, एक पाय उचलला आणि पोळल्यासारखा मागे घेतला.

"आजी, नदी एवढी पळते, तेव्हा नाही भीती वाटत?"

"नदी माझ्या ओळखीची आहे!"

चान्थोने कपाळावर हात मारला. मग मागे वळून तिने बायकांना डोळा घातला. "चला गं, बसा होडीत."

होडीत बसायचे आणि घराचा जिना चढायचा, दोन्हीच्या आधी चपला काढायच्या, हे काय सांगायला हवे? बावीस जणींनी जिन्यापाशी चपला काढल्या. आजीनेही काढल्या. तिच्या पायात नवऱ्याच्या काळ्या रबरी चपला होत्या, तिला चांगल्या दोन बोटे मोठ्या. तो गेल्या पावसाळ्यात वारला, तेव्हापासून ती त्याच घालत होती.

"अहो मावशी, इथं चपला नाही काढायच्या!" पहारेकरी ओरडला. ऐकतो कोण! बायका दोन-दोनच्या रांगेत आजीमागे उभ्या राहिल्या, आणि चान्थोने आजीचाच ताल आजीला दिला.

"हूय!"

"हूय!" बावीस गळे गरजले. आइस्क्रीमची रांग कठड्याशी गोळा झाली.

तिसऱ्या "हूय"ला आजीचा पाय आपोआप पुढे पडला. बारा वर्षांची सवय ती. पायरीने तिला उचलले. क्षणभर ती डगमगली, मग तिने गुडघे किंचित वाकवले, पायाखाली पाणी असावे तसे, आणि तिला हसू फुटले. तिचे हात वर गेले. नसलेले वल्हे नाचवत, कंबर डोलवत सारोम आजी वर निघाली. मागून बावीस अनवाणी बायका हवेत वल्ही मारत येत होत्या. लोकांनी मोबाइल काढले, टाळ्यांनी छत दणाणले.

वर पोचताच आजीने टुणकन उडी मारली. कन्निका आइस्क्रीमचा चमचा हातात धरूनच धावत आली.

"घाबरली होतीस ना?"

"छट्! पायऱ्या मोजल्या मी. मी चढले एकच, बाकीचं सगळं जिन्यानं केलं. एक म्हणजे विषम." आजीने पुडके सोडले. "आ कर."

भरल्या तोंडाने कन्निका रडू लागली, मग हसू लागली. थोडे पोहे आजीच्या हातावर सांडले, थोडे जमिनीवर. रांगेतल्या एकानेही कुरकुर केली नाही.

खाली पहारेकऱ्यापुढे चपलांचा ढीग, त्यामागे खोळंबलेली गर्दी. त्याने डोके चालवले आणि एकेक जोड पायरीवर ठेवून वर धाडायला सुरुवात केली. बायका किंचाळत आपापले जोड उचलू लागल्या. पहारेकऱ्याचीही कळी खुलली होती, तो खालून "हूय!" म्हणत होता.

सगळ्यांत शेवटी काळ्या रबरी चपला आल्या. घाईत त्याने एक एका पायरीवर ठेवली होती, दुसरी तिच्या मागच्या पायरीवर. कुणी सावकाश जिना चढत असावे तशा त्या वर येत होत्या.

कन्निकाने आईचा हात धरला. "या बाबांच्या."

"तुझं दुकान बघायला येतो, येतो म्हणत होते ना?" आजीने मान वाकडी करून पायऱ्या मोजल्या. "दोन. आले बघ. सरक जरा, त्यांना उतरू दे."