कपाटातली रेंज

मुख्याध्यापकांनी वर्षभर अर्जांवर अर्ज खरडून शाळेत वायफाय आणलं आणि चोरीला जाऊ नये म्हणून त्याचा डबा आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलूपबंद करून ठेवला. वर्गावर्गांत पोरं टॅब डोक्यावर धरून खोलीभर फिरली, बाकांवर चढली, पण एक धडा उघडेल तर शपथ! कपाटाच्या फटीतून जी काय रेंज गळायची, ती सरांच्या दाराबाहेरच पोचायची, म्हणजे शिक्षा झालेल्यांना उभं करतात तिथवर. महिन्याभरात गृहपाठ न करणारे चौपट झाले. टॅब काखेत मारून पोरं हसत हसत शिक्षा भोगायला येऊ लागली, आणि भूगोलात कायम आपटणारी कार्टी ज्वालामुखीवर तावातावाने बोलू लागली.

"उद्या तपासणीला साहेब येताहेत," गणिताच्या बाई म्हणाल्या. "पोरं वायफायवर शिकताना दिसली नाहीत, तर सगळे टॅब परत नेतील. आता तरी तो डबा बाहेर काढा, सर."

"आणि गेला चोरीला, म्हणजे?"

"मग साहेबांना दाखवायचं काय? माझं कपाळ?"

सरांनी खिशातली किल्ली चाचपली. जागेवर होती. मग त्यांनी शिपायाला हाक मारली.

"सगळ्या वर्गांत सांगून ये. उद्या जो कोणी गृहपाठ करून येईल, त्याला दिवसभर वर्गात बसवण्यात येईल!"